चौदा डीप फ्रीझर मोडायचेत, काहींत आर-२९० (प्रोपेन गॅस) आहे. गॅस कसा काढू?

गारवा_अक्कलकोटरोड

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोडला माझं फ्रीज-एसी रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. एका आइस्क्रीमवाल्या मालकांचे जुने डीप फ्रीझर अन् व्हिजी कूलर (काचेच्या दाराचे) मोडीत काढायचं काम आलंय, एकूण १४ नग. ८ वर आर-१३४ए (न पेटणारा गॅस) लिहिलंय, ४ वर आर-२९०, २ वर आर-६००ए (आयसोब्युटेन, प्रोपेनसारखाच पेटणारा). माझी रिकव्हरी मशीन (गॅस ओढून सिलिंडरात भरणारी) जुन्या आर-२२ गॅसच्या काळातली. तीच चालेल का? भंगारवाला म्हणायलाय, "दीडशे ग्रॅम गॅस तो, द्या सोडून अन् कॉम्प्रेसर मोकळे करून द्या." शेड पत्र्याची, लागून चहाची टपरी. गेजवर झिरो आला की टॉर्च लावायला हरकत नाही ना?

भवानीपेठ_मेकॅनिक

तुझं शेवटचं वाक्य वाचलं अन् हातातला चहा बाजूला ठेवला. त्या झिरोनंच माझ्या भुवया खाल्ल्यात बाबा.

साखर पेठेत एका घरचा फ्रीज होता. मागच्या पाटीवर आर-१३४ए. प्रोसेस ट्यूब (गॅस भरायची नळी) कापली, जरासं फुस्स झालं, गेज झिरो. शेजारी यंत्रमागांचा खडखडाट, त्यात बारीक आवाज ऐकू येणार कुठून. ड्रायर (ओल शोषणारा फिल्टर) काढायला टॉर्च लावली, जोड सुटला अन् पाइपातून हातभर जाळ तोंडावर. नशीब, चष्मा होता.

नंतर फडक्यानं कॉम्प्रेसर पुसला तर धुळीखाली पिवळा त्रिकोण, आत ज्वालेचं चित्र. आधीच्या कुणीतरी कॉम्प्रेसर बदलून आर-६००ए भरलेला अन् पाटी जुनीच ठेवलेली. त्यात कॅपिलरी (ड्रायरपुढची बारीक नळी) चोक. म्हणजे लो साइडला (कमी दाबाच्या बाजूला) झिरो, अन् ड्रायरपलीकडं कंडेन्सरात गॅस तसाच कोंडलेला. या गॅसला एलपीजीसारखा वास पण घातलेला नसतो, नाकाच्या भरवशावर राहू नको. म्हणून पाटी वाच, पण कॉम्प्रेसरही पूस. १४ च्या १४ पूस.

आता तुझी मशीन. आर-१३४ए ला खुशाल वापर. २९० अन् ६००ए ला नको. तिच्या स्विचात, रिलेत ठिणगी पडते, अन् आत गॅस गळला तर तिथंच पेटतो. ज्वलनशील गॅससाठी बनवलेली मशीन भाड्यानं मिळाली तर उत्तम. सिलिंडरही वेगळा घे, त्यावर गॅसचं नाव लिही, अन् १३४ए त्यात चुकूनसुद्धा मिसळू नको. भरताना वजनाचा हिशोब बदलतो. २९० चा द्रव आर-२२ च्या निम्म्याहून हलका असतो, त्यामुळं १० किलो आर-२२ मावणाऱ्या सिलिंडरात हा ४ किलोच्या आसपासच भरायचा. आपला मे महिना तुला माहीतच आहे. ४५ अंशाला आत २०० पीएसआयच्या (दाबाचं माप) वर दाब जातो, टेम्पोत उन्हात टाकून जेवायला जाऊ नको.

मशीन नाहीच मिळाली तर सिलिंडर व्हॅक्यूम करून बर्फात बसव (आइस्क्रीमवाल्याकडं बर्फाला काय तोटा), २९० चा बराचसा गॅस आपोआप तिकडं ओढला जातो. उरलेला लांब होजनं शेडबाहेर मोकळ्यावर, अगदी हळू. होजचं तोंड उंचावर ठेव. हा गॅस हवेपेक्षा जड, गटारात अन् खड्ड्यात जाऊन बसतो.

"दीडशे ग्रॅम तर" म्हणणाऱ्याला एवढा हिशोब सांग. प्रोपेन, म्हणजे हाच २९०, एका घनमीटर हवेत साधारण ३८ ग्रॅम झाला की पेट घेतो. म्हणजे १५० ग्रॅमला जवळजवळ ४ घनमीटर हवा पुरते. दोन मीटर बाय दोन मीटर जमीन अन् कमरेएवढी उंची. तुझी चहाची टपरी जवळपास तेवढीच असेल.

पियर्सिंग व्हॉल्व्ह (नळीला भोक पाडून बसणारा) दोन्हीकडं लाव, प्रोसेस ट्यूबला अन् ड्रायरच्या अलीकडं हाय साइडला. मग व्हॅक्यूम, पंपाचा धूर होजनं बाहेर अन् पंपाचं बटण लांबच्या बोर्डावर. मग नायट्रोजन, परत व्हॅक्यूम, परत नायट्रोजन. एवढं झाल्यावरही टॉर्च नको, पाइप कटर वापर. कारण गॅस तेलातही विरघळलेला असतो, अन् कॉम्प्रेसर तापला की हळूहळू बाहेर येतो. व्हॅक्यूम चालू असताना कॉम्प्रेसरला करंट मात्र कधी देऊ नको.

आयटीआय_सर

मेकॅनिकसाहेबांचं बरोबर. एकच भर. गळती शोधायला जुन्या मंडळींचा ज्योतीचा दिवा आणू नका, साबणाचं पाणी किंवा हायड्रोकार्बनचा डिटेक्टर वापरा. आणि फोम जाळून पत्रा वेगळा करायची भंगारातली रीत आहे ना, ती या फ्रीझरांना नकोच. काहींच्या फोममध्ये सायक्लोपेंटेन असतं, तेही पेटणारं. १३४ए मात्र हवेत सोडू नका, त्याचा जीडब्ल्यूपी (कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत वातावरण तापवायची ताकद) १४३० आहे. प्रोपेनचा इतका कमी की तिथं काळजी हवेची नाही, आगीची.

गारवा_अक्कलकोटरोड

मामा, आज सगळे १४ पुसून काढले. १३४ए च्या पाटीखाली दोन पिवळे त्रिकोण निघाले! म्हणजे ज्वलनशील ६ नाही, ८ झाले. उद्या सकाळी शेडच्या मागच्या मोकळ्या जागेत सुरुवात करतोय, पावडरचा एक्स्टिंग्विशर उसना आणलाय. टपरीवाल्या आण्णांना ११ ते २ स्टोव्ह बंद ठेवा म्हटलं तर म्हणाले, "मग चौदा कटिंगचे पैसे तू दे." दिले. नायट्रोजन किती दाबानं मारू?

भवानीपेठ_मेकॅनिक

आठ! बघ. पाच-सात पीएसआयनं हळू वाहू दे, रेग्युलेटर लावूनच. अन् आण्णांचा स्टोव्ह तुझ्या डोळ्यांसमोर विझव.