तक्रारीचा व्हिडिओ फिरतोय, बोलावं की गप्प राहावं?

लालबागकर: आमचा मसाल्याचा छोटा धंदा, आता पाकिटं विकतो. एकीने मसाल्यात किडे निघाले म्हणून व्हिडिओ टाकलाय. एजन्सीवाला म्हणतो गप्प बसा, आपोआप थंड होईल. खरंच?

परळची_मीनल: अजिबात गप्प बसू नका दादा. 2003 ला आपल्या मुंबईतच कॅडबरीत अळ्या सापडल्या, कंपनी आधी म्हणाली दुकानदार माल नीट ठेवत नाहीत, लोक अजूनच भडकले. मग पॅकिंग बदललं, दुकानदारांना माल कसा ठेवायचा ते शिकवलं आणि त्यानंतर 2004 ला अमिताभ जाहिरातीत आला. नुसता अमिताभ आणून काही झालं नसतं असं मला ठाम वाटतं.

जुना_पीआरवाला: सहमत. 1982 ला शिकागोत टायलेनॉल या दुखण्यावरच्या औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड घातलं, 7 माणसं गेली, तर कंपनीने अमेरिकाभरातून तीनेक कोटी बाटल्या परत मागवल्या आणि स्वतःच सांगितलं हे औषध घेऊ नका. तुम्ही आज त्या बाईंना फोन करा, बॅच नंबर घ्या, तो माल दुकानांतून उचला, लॅबला नमुना पाठवा, रिपोर्ट येईल तसा टाका, वाईट आला तरी. आणि बोलणारा माणूस एकच ठेवा.

लालबागकर: बॅच सापडली, माल उचलायला पोरं पाठवलीत. बाईंना आता फोन करतो.