टेक्नोवाल्यांनी प्लेलिस्ट क्युरेटरांच्या मागे लागावं का?

डिचोलीचा_किक
टेक्नो, म्हणजे एकसारख्या ठेक्याचं इलेक्ट्रॉनिक नाचसंगीत, करणाऱ्या आपल्या गोव्यातल्या लोकांची रिलीजची तऱ्हा मी बघत आलोय. गुरुवारी रात्री मास्टर (ट्रॅकची अंतिम फाइल) हातात, शुक्रवारी ट्रॅक बाहेर, आणि शनिवारपासून इन्स्टावर दिसेल त्या प्लेलिस्ट क्युरेटरला, म्हणजे गाण्यांच्या याद्या लावणाऱ्याला, "ब्रो, ऐक ना". माझं मत स्पष्ट आहे. पिच करायचं, म्हणजे ट्रॅक यादीत घ्या म्हणून सुचवायचं, तर स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्समधून, स्पॉटिफायच्या कलाकारांसाठीच्या ॲपमधून, करा. ते फुकट आहे, पण नीट करा. बाकी कोणाला एक रुपयासुद्धा देऊ नका.

गाणं बाहेर पडलं की तिथलं दार बंद होतं, पिच त्याआधीच करावं लागतं आणि एका वेळी एकच गाणं. निदान ७ दिवस आधी केलंत तर स्पॉटिफायच्या याद्या लावणाऱ्या एडिटरने ढुंकून पाहिलं नाही तरी तुमच्या फॉलोअरांच्या रिलीज रडारमध्ये, नव्या गाण्यांच्या आपोआप बनणाऱ्या यादीत, ते जातं. एवढ्यासाठी तरी घाई सोडा. वर्णनाला ५०० अक्षरं मिळतात आणि लोक त्यात "अंतर्मनाचा प्रवास" लिहून मोकळे होतात. (प्रवास कसला, मिनिटाला १४० ठोके, म्हणजे १४० बीपीएमचा, बास ड्रमचा किक आहे तो.) टेक्नो कुठल्या वळणाचं, वेग काय, आवाज कुठून घेतले, आधी कोणी सेटमध्ये वाजवलं, हे लिहा. रोज ढिगाने गाणी चाळणाऱ्या माणसाला तुमचा ट्रॅक कुठल्या यादीत बसतो ते ओळखता आलं पाहिजे.

वागातोर_रात्रपाळी
पूर्ण असहमत. टेक्नोचा क्युरेटर एकच, डीजे. आपल्या ट्रॅकची पहिली दीड मिनिटं नुसता किक आणि हॅट (झांजेची टिकटिक) का असतो? पुढच्याला मिक्स करायला जागा हवी म्हणून. स्ट्रीमिंगवर ३० सेकंद ऐकलं की प्ले मोजतात, मग पोरं इंट्रो छाटतात, ब्रेक (ठेका थांबतो तो भाग) पुढे ओढतात, सात मिनिटांचा ट्रॅक तीनवर आणतात. उरतं ते जिममध्ये लावायचं संगीत. डेट्रॉइटला हुआन ॲटकिन्स, डेरिक मे, केविन सॉन्डरसन यांनी १९८० च्या दशकात रेकॉर्ड काढल्या त्या डीजेंच्या हातात पडल्या आणि तिथून पसरल्या. तुम्हीही प्रोमो (रिलीजआधीची प्रत) डीजेंना पाठवा, ट्रॅक बीटपोर्टवर, डीजेंच्या ऑनलाइन दुकानात, ठेवा, बँडकॅम्पवर थेट ऐकणाऱ्यांना विका.

आणि पैशांचं बोलायचं तर २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत १,००० प्ले झाले नाहीत तर त्या ट्रॅकचा छदाम मिळत नाही. बँडकॅम्प डिजिटल विक्रीतले १५ टक्के कापून घेतं, बाकी बरंचसं आपल्याला. एकाने विकत घेतला तरी हिशेब पुढे जातो.

फोंडेकरीण
@वागातोर_रात्रपाळी दादा, डीजेंना पाठवा म्हणणं तुम्हाला सोपं आहे, तुम्ही डीजे बूथच्या आतले. मी फोंड्याची. किनाऱ्यावरच्या क्लबांत पाहुणा डीजे बाहेरचा, प्रमोटर बाहेरचा, आणि स्थानिकांमध्ये ज्याची ओळख त्याचाच नंबर. उघड्यावरचा साउंड २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ला बंद, म्हणजे नवख्यांना मिळायचा तो उतरत्या उन्हातला तासही मोठ्या नावांनीच घेतला. पिचच्या फॉर्ममध्ये "कोणाबरोबर आलीस" असं कोणी विचारत नाही. बाईने केलेलं टेक्नो म्हटल्यावर "प्रोड्यूस कोणी केलं?" हेही नाही.

पण @डिचोलीचा_किक, "एक रुपया देऊ नका" पटलं नाही. सबमिटहबसारख्या, ट्रॅक क्युरेटरांकडे पोचवणाऱ्या साइटवर तुम्ही क्युरेटरच्या ऐकण्याचे पैसे देता, जागेचे नव्हे. प्रीमियम (पैसे देऊन घेतलेलं) क्रेडिट लावलं तर ४८ तासांत उत्तर येतं. नकार आला तरी कारण कळतं. "लो एंड गढूळ आहे" म्हणजे खालचे सूर साफ नाहीत, हे मला ओळखीच्या एकाही माणसाने तोंडावर सांगितलं नव्हतं.

डिचोलीचा_किक
ऐकण्याचे पैसे आणि जागेचे पैसे हा फरक मान्य. पण हाच फरक धूसर करून धंदा चालतो. माझ्या मित्राने एका "प्रमोशन"वाल्याला पैसे दिले, त्याने प्ले हमखास सांगितले आणि आलेही. ऐकणारे सगळे परदेशातल्या एकाच शहरातले, सेव्ह (गाणं आपल्या संग्रहात ठेवणं) मात्र शून्य. ट्रॅक उतरवला गेला. खोट्या प्लेसाठी स्पॉटिफाय २०२४ पासून डिस्ट्रिब्युटरांना, म्हणजे आपली गाणी तिथे चढवणाऱ्या कंपन्यांना, दंड लावतं, मग डिस्ट्रिब्युटर तो आपल्या गळ्यात घालतो. कोणी आकडा हमखास सांगितला की तिथून निघा. बाकी लो एंडबद्दल विचारायचंय तर इथे टाक, आम्ही फुकटात शिव्या देऊ.

घुमटवाला
माझा प्रश्न वेगळाच. वर्णनात "गोवा" लिहायचं की नाही? हणजुण्याच्या पार्ट्या, तिथला डीजे गोवा गिल, नव्वदच्या दशकातला गोवा ट्रान्स (टेक्नोहून वेगळं नाचसंगीत), हा सगळा संसार त्या एका नावाला चिकटलाय. मी १३२ बीपीएमवर हिप्नॉटिक, म्हणजे गुंगवणारं टेक्नो करतो, पर्कशन शिगम्यात रेकॉर्ड केलेलं, घुमट या तालवाद्याचं. गोवा लिहिलं की लोक सायट्रान्सच्या, गोवा ट्रान्समधूनच निघालेल्या प्रकाराच्या, याद्यांत ढकलतात. नाही लिहिलं तर घुमटाचं काय सांगू, बर्लिनला सापडलं?

वागातोर_रात्रपाळी
लिहू नकोस. डीजे कानाने निवडतो, गावाने नाही. जगाला "एक्झॉटिक" हवंच असतं, आपण कशाला ताट वाढून द्यायचं?

फोंडेकरीण
दादा, तुमच्या पोस्टरवर "लाइव्ह फ्रॉम गोवा" असतं ते?

वागातोर_रात्रपाळी
ते प्रमोटर छापतो.

डिचोलीचा_किक
@घुमटवाला, लिहीच. पण क्रम बघ. पहिल्या वाक्यात प्रकार आणि वेग. बीटपोर्टने टेक्नोचे पीक टाइम / ड्रायव्हिंग आणि रॉ / डीप / हिप्नॉटिक असे दोन कप्पे केलेत, तुझा दुसरा, तेच शब्द वापर. दुसऱ्या वाक्यात घुमट: मातीचं भांडं, चामड्याचं तोंड, शिगम्यात घेतलेला आवाज, २०१९ पासून गोव्याचं वारसा वाद्य. गोवा तिथे वाद्याचं गाव म्हणून येऊ दे. फॉर्ममध्ये प्रकार निवडताना ट्रान्सला हात लावू नकोस, तीन निवडता येतात म्हणून तीन भरायलाच हवेत असं नाही.

वागातोर_रात्रपाळी
समजा, घेतला एखाद्या एडिटरने, स्पॉटिफायच्या "टेक्नो बंकर" यादीतच टाकला म्हणू. यादी बदलली की निघाला. ऐकणाऱ्याला ना नाव आठवतं, ना त्याला ट्रॅकचं काही पडलेलं असतं. डीजेच्या पेटीत गेलेला ट्रॅक पाच वर्षांनीही पहाटे वाजतो.

फोंडेकरीण
हे मात्र खरं. तरी मी दोन्ही करणार. एकाच रिलीजमध्ये लांब आणि छोटं अशी दोन व्हर्जन ठेवते, पिच छोट्याचं.

वागातोर_रात्रपाळी
छोटं मी वाजवणार नाही.

फोंडेकरीण
मग लांब पाठवू?

वागातोर_रात्रपाळी
आवाज न दाबलेली वेव्ह फाइल पाठव, एमपीथ्री नको. आणि तो लो एंड आधी साफ कर.