मराठी एसएमएस जात नाहीत, इंग्रजी जातात. टेम्प्लेट तर मंजूर आहे

वाचनालय_कार्यवाह :
आमच्या सार्वजनिक वाचनालयाचे सहाशेच्या आसपास सभासद असून, पुस्तके परत करण्याची आठवण आम्ही दर महिन्याला एसएमएसने करून देतो. डीएलटीवरील (सामूहिक एसएमएस पाठवणाऱ्यांसाठीच्या नोंदणी पोर्टलवरील) नोंदणी, सहा अक्षरी हेडर (पाठवणाऱ्याचे नाव) आणि मराठी टेम्प्लेट (मजकुराचा ठरलेला नमुना) दोन वर्षांपूर्वीच मंजूर झाले आहे. मजकूर असा : ‘आपली पुस्तके दुसऱ्या शनिवारपर्यंत परत करावीत.’ आणि खाली वाचनालयाचे नाव. या महिन्यात मात्र एकही संदेश पोहोचला नाही; अहवालात प्रत्येक क्रमांकापुढे ‘फेल्ड’ एवढेच दिसते. सुटीची इंग्रजी सूचना त्याच दिवशी, त्याच पॅनेलवरून (संदेश पाठवण्याच्या संकेतस्थळावरून) व्यवस्थित गेली. सेवा देणारी कंपनी तीन दिवस ‘नेटवर्कची अडचण असेल’ असे सांगत आहे. काय तपासावे?

निवृत्त_दूरसंचार :
इंग्रजी संदेश गेला म्हणजे नेटवर्कचा, शिलकीचा आणि हेडरचा प्रश्न उरत नाही. संदेशात एखादी लिंक नाही ना, ते पाहावे. १ ऑक्टोबर २०२४ पासून आधी नोंदवून न घेतलेली लिंक असलेले संदेश अडवले जातात. दुसरी शंका लांबीची. इंग्रजी संदेशाला १६० अक्षरांची मुभा असते, देवनागरीला केवळ ७०. शिवाय जोडाक्षर सुटे करून मोजले जाते. ‘पुस्तके’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, यंत्राच्या लेखी तो सात आहे.

अक्षरजुळणी :
लांबीचे गणित बरोबर आहे, पण त्यामुळे संदेश अडत नाही. ७० च्या पुढे गेला की त्याचे ६७-६७ चे तुकडे होतात आणि पैसे तेवढ्या पटीने कापले जातात. माझा प्रश्न वेगळा आहे : हा मजकूर या महिन्यात कोणी नव्याने टंकित केला आहे का?

वाचनालय_कार्यवाह :
होय. संगणक बदलला, जुनी फाइल सापडली नाही, म्हणून आमच्या लिपिकाने मंजुरीच्या कागदावरून मजकूर पुन्हा टंकित केला. मी स्वतः दोन्ही शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर ताडून पाहिले. काहीही फरक नाही.

अक्षरजुळणी :
डोळ्यांना दिसणार नाही असाच फरक असावा. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. काही कळफलक नुक्ता (खालचे टिंब) असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त (पाय मोडल्याचे चिन्ह) जोडतात; काही साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे उमटतात, मात्र पहिल्या पद्धतीने हा शब्द सात अक्षरांचा मोजला जातो आणि दुसऱ्या पद्धतीने आठ. (‘पर्यंत’ मधल्या रफाराला ही अडचण नाही.) मोबाइल कंपनीची यंत्रणा आलेला मजकूर मंजूर टेम्प्लेटशी ताडते तेव्हा ती अक्षरांचे रूप पाहत नाही, त्यांचे संकेतांक पाहते, ते जुळले नाहीत की संदेश तिथेच थांबतो. आपण दोन्ही मजकूर अक्षरे मोजणाऱ्या कोणत्याही साधनात टाकून पाहावेत. एकाचा फरक आला तर मजकूर टंकित न करता डीएलटी पोर्टलवरून जसाच्या तसा कॉपी करून पॅनेलमध्ये चिकटवावा. मधे वर्डमध्येही टाकू नये, कारण तिथे अवतरणचिन्हे आपोआप बदलू शकतात.

निवृत्त_दूरसंचार :
हे मला नवे आहे. आमच्या वेळी तार बहुधा इंग्रजीतच असायची!

वाचनालय_कार्यवाह :
मोजून पाहिले. पोर्टलवरील पहिले वाक्य पूर्णविरामासह ४५ भरते आणि आमचे ४६. पोर्टलवरून उचललेला मजकूर आधी स्वतःच्या क्रमांकावर पाठवला, तो लगेच आला. मग सर्वांना पाठवला. बंद पडलेले काही क्रमांक सोडल्यास सगळीकडे ‘डिलिव्हर्ड’ दिसत आहे. वार्षिक सभेच्या टेम्प्लेटमध्ये ‘येणाऱ्या रविवारी’ असे शब्द आहेत, तेव्हा तोही मजकूर आजच पोर्टलवरून काढून ठेवला.