लेकीच्या अंगावर कोड, शाळेत चिडवणं, घरात चार मतं : सल्ला हवा आहे

सोनटक्का
नमस्कार. लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. लेक दहा वर्षांची आहे, पाचवीत. आम्ही नाशिकला असतो. दीड वर्षापूर्वी तिच्या गुडघ्यावर पांढरा डाग दिसला. जंत असतील म्हणून जंताचं औषध देऊन झालं. मग डाव्या पापणीजवळ एक आला, आता ओठाच्या कडेला आणि बोटांच्या टोकांवरही आहेत. त्वचारोगतज्ज्ञांनी जांभळट दिव्याखाली पाहून कोड असल्याचं सांगितलं. टॅक्रोलिमसचं मलम दिलंय आणि आठवड्यातून दोन-तीनदा नॅरोबँड यूव्हीबी (अतिनील किरणांचा एक प्रकार) किरणं घ्या म्हणाले.

घरात एकमत नाही. सासूबाईंनी दूध, मासे, लिंबू, चिंच, दही सगळं बंद केलंय. सासरे म्हणतात किरणं म्हणजे कॅन्सरला बोलावणं. नवऱ्याचं म्हणणं, थोडं थांबू, आपोआप जाईल. नात्यातल्या एका काकूंनी बावचीचं तेल पाठवलंय, ते लावून पोरीला उन्हात बसवा म्हणून. सगळे तिच्या काळजीपोटीच बोलतात, त्यामुळे कुणाला तोडून बोलता येत नाही.

शाळेचं जास्त लागलंय मनाला. वर्गातली तीन मुलं तिला ‘कबरी’ म्हणतात. हिला हात लावला की आपल्यालाही होतं, असं एकाने पसरवल्यापासून डबा खायला शेजारी कोणी बसत नाही. साखळी खेळताना तिचा हात कोणी धरत नाही. वर्गशिक्षिकेला भेटले, तर “लहान आहेत हो, लक्ष देऊ नका,” म्हणाल्या आणि लेकीलाच उचलून पुढच्या बाकावर एकटीला बसवलं. परवा तिने स्नेहसंमेलनाच्या नाचातून नाव काढून घेतलं. नऊवारीत हात-पाय दिसतात, म्हणाली.

उपचार सुरू करावेत का, घरच्यांना कसं सांगावं आणि शाळेशी काय बोलावं? अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा.

कृष्णाकाठ
ताई, मला स्वतःला नवव्या वर्षापासून कोड आहे. आज वय ४३. सांगलीजवळच्या गावात वाढले. आधी एक विनंती, घरात कुणाला ‘श्वेतकुष्ठ’ हा शब्द वापरू देऊ नका. कुष्ठरोग जंतूमुळे होतो आणि त्याच्या चट्ट्यावर संवेदना जाते. कोडाच्या डागावर टाचणी टोचली तर इतर कातडीइतकीच टोचते. दोन्हींचा काडीचा संबंध नाही, पण त्या एका शब्दाने माझ्या आईला लोकांनी हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं होतं. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांची ‘श्वेता असोसिएशन’ आहे, कोड असलेल्यांचा स्वमदत गट. त्यांच्याशी जरूर बोला. आपल्यासारखीच कातडी असलेली मोठी, नोकरी-संसार करणारी माणसं लेकीला बघू दे. मला तशी एकही बाई पंचविशीपर्यंत भेटली नव्हती.

पेशीरंग
मी पेशीजीवशास्त्रात काम करते. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाबद्दल तुमच्या डॉक्टरांचंच ऐका. पण आत काय चाललंय हे कळलं की घरातले बरेच वाद मिटतात, म्हणून सविस्तर लिहिते.

कातडीच्या वरच्या थराच्या अगदी तळाशी मेलॅनोसाइट नावाच्या पेशी असतात. त्या रंग तयार करतात आणि छोट्या छोट्या पिशव्यांत भरतात. या पिशव्यांना मेलॅनोसोम म्हणतात. एका मेलॅनोसाइटला लांब फाटे असतात आणि त्यांतून ती आजूबाजूच्या सुमारे ३६ पेशींना हा माल पोचवते. मी माझ्या भाच्याला सांगताना ‘डबेवाला’ म्हटलं होतं : एक डबेवाला, ३६ घरं. घरातली पेशी तो रंग आपल्या केंद्रकावर छत्रीसारखा धरते, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांनी आतल्या डीएनएला इजा होत नाही. कोडात होतं काय, तर शरीराचे पहारेकरी, म्हणजे टी पेशी, या डबेवाल्यांना चोर समजून हाकलतात. घरं शाबूत असतात, डबा तेवढा येत नाही. म्हणून डाग दुखत नाही, सोलत नाही, फक्त पांढरा दिसतो. यात जंतू कुठेच नाही, त्यामुळे हात धरल्याने, डबा वाटून खाल्ल्याने होण्याचा प्रश्नच येत नाही. दूध-मासे एकत्र किंवा आंबट खाल्ल्याने टी पेशी चुकतात, याला कसलाही पुरावा नाही. वाढत्या वयात दही बंद करू नका.

आता उपचार. टॅक्रोलिमस त्या पहारेकऱ्यांना शांत करतं. यूव्हीबीही तेच करतं, शिवाय नवे डबेवाले बोलावतं. ते येतात कुठून? केसांच्या मुळाशी राखीव पेशी असतात, तिथून. म्हणून रंग परत यायला लागला की आधी डागात केसांभोवती बारीक तपकिरी ठिपके दिसतात. लेकीच्या गुडघ्यावरच्या डागातली लव काळी आहे की पांढरी, ते भिंगाखाली पाहा. काळी असेल तर आशा जास्त. बोटांची टोकं आणि ओठ यांवर केसच नसतात, त्यामुळे तिथे रंग फार सावकाश येतो, कधी येतही नाही. हे लेकीला आधीच सांगा. चेहरा भरला आणि बोटं तशीच राहिली, तर तिला वाटेल आपलंच काही चुकलं.

बावचीच्या तेलाची बाटली कपाटात बंद करून ठेवा. बावचीत सोरॅलेन असतं, त्याने कातडी उन्हाला इतकी हळवी होते की फोड येतात. आणि कोडात जिथे भाजतं, खरचटतं, सतत घासतं, तिथेच नवा डाग उमटू शकतो. याला कोब्नर परिणाम म्हणतात. याचा अर्थ खेळणं बंद करा असा नाही हं. सायकल चालवताना गुडघ्याला नीकॅप, इलॅस्टिक सैल, दप्तराचे पट्टे रुंद, इतकं पुरे.

सोनटक्का
पेशीरंगताई, रात्री लेकीला शेजारी बसवून हे वाचून दाखवलं. तिने पहिला प्रश्न विचारला, “मग माझे डबेवाले मेले का गेले?” काय उत्तर देऊ?

पेशीरंग
खरं ते सांगा. डागातले गेले, पण केसांच्या मुळाशी राखीव आहेत, त्यांना बोलवायचा प्रयत्न करता येतो.

दुपारचीशाळा
मी ३१ वर्षं शिक्षक होतो, शेवटची सहा मुख्याध्यापक. आधी तुमच्या लेकीला त्या एकट्या बाकावरून उठवा. शिक्षिकेचा हेतू वाईट नसेल, पण वर्गाने त्यातून एवढंच घेतलं की हिला वेगळं ठेवायचं असतं, बाईंनीसुद्धा ठेवलं.

डॅन ओल्व्हेअस या संशोधकाने स्वीडन आणि नॉर्वेत १९७० च्या दशकापासून शाळेतल्या छळावर काम केलं. नुसती भांडणं आणि छळ यांतला फरक त्यांनी मांडला : मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा केलेलं आणि जिथे एका बाजूचं बळ कमी आहे असं. तुमच्याकडे तिन्ही गोष्टी आहेत. त्यामुळे “दोघांना समोरासमोर बसवून मिटवून टाकू” असं शाळा म्हणाली तर नम्रपणे नकार द्या. बळ सारखं असेल तिथे समेट चालतो. इथे ती तीन मुलांसमोर एकटी बसेल, ‘सॉरी’ ऐकेल आणि मधल्या सुट्टीत पुन्हा तेच.

मी नोकरीत असताना हे मला ठाऊक नव्हतं. मीही कितीतरी पोरांना समोरासमोर बसवलं. त्याचं आज वाईट वाटतं.

कामाची गोष्ट : एक वही करा. तारीख, जागा, कोण काय म्हणालं आणि कोण बघत होतं. मग मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या, पोच घ्या. शाळेत तक्रारपेटी असते, मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असते, त्यांचं नाव पत्रात घाला. काहीच हललं नाही तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. पण सुरुवात भांडणाने करू नका, ‘आपण मिळून काय करू या’ असं विचारा.

मोगरा_तांपेरे
‘कोण बघत होतं’ हे फार महत्त्वाचं. कॅनडात शाळांच्या मैदानावर कॅमेरे लावून केलेला एक अभ्यास २००१ साली आला. छळाच्या ८८ टक्के प्रसंगांत इतर मुलं आसपास होती. मध्ये पडली फक्त १९ टक्के प्रसंगांत. पण मुलं मध्ये पडली तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा, ५७ टक्के, छळ दहा सेकंदांत थांबला.

मी फिनलंडमध्ये राहते. इथे तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना सालमिवाल्ली यांच्या गटाने तयार केलेला ‘किवा’ कार्यक्रम शाळांत चालतो. सुट्टीत लक्ष ठेवणारे शिक्षक भडक जाकीट घालून फिरतात, वर्गात वर्षभर धडे असतात, ते सगळं आहेच. मला भावली ती पद्धत अशी : छळ कळला की शिक्षक आधी त्रास सोसणाऱ्या मुलाशी बोलतात, मग त्रास देणाऱ्यांशी, आधी एकेकट्याने. आणि वर्गशिक्षक वर्गातली दोन ते चार मुलं निवडून सांगतात की तुम्ही याच्या सोबत राहा. निवड करताना बघायचं ते हे की मुलं प्रेमळ हवीत आणि वर्गात त्यांचा शब्दही चालायला हवा. काही दिवसांनी पुन्हा बैठक, खरंच थांबलं का ते पाहायला. यातलं शेवटचं तर कुठलीही शाळा पैसे न लावता करू शकते.

वाटसरू७२
सरळ शाळा बदला. पोरीचं बालपण प्रयोगात घालवू नका.

दुपारचीशाळा
शाळा बदलणं चूक नाही, पण ते शेवटी. नव्या वर्गातही हात दिसणारच आहेत, आणि आपल्यामुळे घर हललं हे ओझं मुलं फार वर्षं वाहतात. लेखी पत्रानंतर दोन महिन्यांत फरक पडला नाही तर मात्र मीही बदला म्हणेन.

ओटीभरण
शाळेत त्वचेच्या डॉक्टरांचं व्याख्यान ठेवलं तर? म्हणजे सगळ्या वर्गाला एकदमच कळेल की हे लागत नाही.

कृष्णाकाठ
लेकीला विचारल्याशिवाय नको! माझ्या बाईंनी अगदी प्रेमाने मला फळ्याजवळ उभं केलं, माझा हात वर धरून दाखवला आणि वर्गाला सांगितलं की हा आजार संसर्गजन्य नाही. ३४ वर्षं झाली, त्या खडूचा वास अजून आठवतो. व्याख्यान ठेवायचंच तर सगळ्या शाळेला ‘त्वचा’ या विषयावर ठेवा, त्यात ऊन, घाम, मुरुम सगळं असू दे, आणि तिचं नाव कुठेही नको. आधी तिला विचारा : तुला हवं का, कुणी बोलावं, तू त्या दिवशी वर्गात असावंसं वाटतं का.

उपचाराचंही तसंच. माझ्यावर पंधरा वर्षं सगळ्यांनी सगळं लावलं. कुणी एकदाही विचारलं नाही की तुला हे हवंय का. दहा वर्षांच्या मुलीला कळतं.

पेशीरंग
हे अगदी खरं. एक राहिलं होतं, सासऱ्यांच्या शंकेबद्दल. त्यांची भीती निराधार नाही, किरणांची जुनी पद्धत, सोरॅलेन घेऊन यूव्हीए देण्याची, तिच्यात दीर्घकाळाने धोका वाढतो हे माहीत आहे. नॅरोबँड यूव्हीबी वेगळं आहे, ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा अरुंद पट्टा, मात्रा मोजून दिलेली. कोड असलेल्यांमध्ये त्यामुळे त्वचेचा कर्करोग वाढल्याचं आतापर्यंतच्या मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही. ‘थांबून बघू’ म्हणणाऱ्यांना सांगा, डाग पसरत असताना थांबणं म्हणजे आणखी पेशी गमावणं. आणि थायरॉइडची रक्ततपासणी झाली आहे का ते विचारा, कोडासोबत थायरॉइडचा त्रास असण्याची शक्यता सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त असते.

टी पेशींना चिथावणारा ‘जेएके’ नावाचा संदेशमार्ग रोखणाऱ्या रक्सोलिटिनिब मलमाला अमेरिकेत जुलै २०२२ मध्ये मान्यता मिळाली, पण ती १२ वर्षांपुढच्यांसाठी. लेक दहाची आहे, तेव्हा कुणी परदेशातून आणून देतो म्हणालं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

शेवंती_कुडाळ
नाचात भाग घेतलाच तर चिकटवायची टिकली लावू नका. काही टिकल्यांच्या चिकट द्रव्यात असं रसायन असतं की त्यानेच रंगपेशी मरतात. माझ्या आईच्या कपाळावर बरोबर टिकलीएवढा गोल डाग पडला. आता ती साधं कुंकू लावते.

वाटसरू७२
आजी-आजोबांना डॉक्टरांकडे सोबत न्या. सुनेच्या तोंडून ऐकण्यापेक्षा डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं पचतं. आमच्या नातवाच्या दम्याच्या पंपाबाबत तेच झालं, हट्ट माझाच होता.

सोनटक्का
तीन आठवड्यांनी लिहितेय. उशीर झाला, क्षमा करा.

सासूबाई आणि सासरे दोघंही डॉक्टरांकडे आले. दूध-माशांचा प्रश्न सासूबाईंनी स्वतःच विचारला. घरी येताना रिक्षात काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी ताटात ताक होतं. यूव्हीबीसाठी लेकीला विचारलं. तिने एक अट घातली : सहा महिने घेईन, मग मला परत विचारायचं. डॉक्टरही म्हणाले की सहा महिन्यांआधी निकाल ठरवू नका. दर महिन्याला त्याच खिडकीशी फोटो काढायचं ठरलंय. गुडघ्यावरची लव काळी आहे. थायरॉइडची तपासणी झाली, ठीक आहे.

शाळेला पत्र दिलं, पोच घेतली. वर्गशिक्षिकेला मोगराताईंनी लिहिलेली दोन-चार मुलांची गोष्ट सांगितली. त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या की बाकाचं असं होईल हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. लेक आता मधल्या रांगेत बसते. व्याख्यान तिला नकोय. सोबत राहायला कोण आवडेल असं बाईंनी विचारल्यावर तिने दोन नावं दिली, त्यातली एक वर्गाची मॉनिटर आहे. गेला आठवडाभर तिघी एकत्र डबा खातात. ‘कबरी’ म्हणणं पूर्ण थांबलेलं नाही. त्या तिघांपैकी एक मुलगा अजून म्हणतो, आणि मुख्याध्यापकांकडून पत्राला लेखी उत्तर आलेलं नाही. सोमवारी स्मरणपत्र घेऊन जाणार आहे.

नाचाचं तिने अजून ठरवलेलं नाही. मी विचारत नाही.

आता अडचण आहे ती वेळेची. यूव्हीबीसाठी आठवड्यातून तीन दिवस शाळा सुटल्यावर पार दुसऱ्या टोकाला जावं लागतं. डॉक्टर म्हणाले, हातात धरायचं छोटं यंत्र घरी वापरता येईल, मात्रा ते लिहून देतील. इथे कुणी घरी असं यंत्र वापरलंय का? चष्मा लहान मुलीच्या मापाचा मिळतो का, आणि पापणीजवळच्या डागाला तुम्ही कसं करता?