मदत हवी आहे: काळ्या ओल्या वाळूत कुठला मेटल डिटेक्टर चालतो?
रत्नागिरीला भाट्याच्या पुळणीवर ओहोटीला नाणी शोधतो. मित्राचा सिंगल फ्रिक्वेन्सीवाला (एका वेळी एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारा) डिटेक्टर कोरड्या वाळूत मस्त चालतो पण ओल्या खाऱ्या वाळूत गेलं की सारखा टिवटिवतो, सेन्सिटिव्हिटी अर्ध्यावर आणली, कॉइल (खालची गोल तबकडी) हळू फिरवून बघितली, तर काळ्या, लोहखनिजवाल्या वाळूचा पट्टा आला की पुन्हा तेच आणि मुद्दाम वीतभर खोल पुरलेलं ५ रुपयांचं नाणंपण सापडेना.

आता मल्टी फ्रिक्वेन्सीच (एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारा) घेणार, मिनलॅब व्हँक्विश ४४० की नोक्टा लेजंड? लेजंड अख्खा वॉटरप्रूफ, व्हँक्विशची फक्त कॉइल. पल्स इंडक्शन प्रकारचा नको, त्याला लोखंड नीट वेगळं ओळखता येत नाही आणि इथे होड्यांचे गंजके खिळे फार. किल्ल्यांजवळ जात नाही, आणि पुरलेलं धन सापडलं तर सरकारला कळवायचा १८७८ चा निखात निधी कायदाही माहितीये.

कोकणात असल्या काळ्या वाळूत यातला कुठला कोणी फिरवलाय का, आणि नाणं किती खोलवर नीट लागतं?