‘वूफ’ की ‘बार्क’? इंग्रजीतले प्राण्यांचे आवाज

प्रश्न : लहान मुलांच्या इंग्रजी गोष्टी मराठीत आणते आहे. एकाच कुत्र्यासाठी कुठे ‘वूफ’, कुठे ‘बार्क’, तर कुठे ‘येल्प’ येतं. सगळीकडे ‘भुंकला’ लिहिलं तर चालेल का?

प्रतिसाद : नाही चालणार. ‘वूफ’ आणि ‘बाउ-वाउ’ म्हणजे कुत्र्याच्या तोंडचा आवाज, आपलं ‘भू भू’. ‘बार्क’ हे क्रियापद, म्हणजे भुंकणं. त्यापुढच्या छटांना मराठीत चांगले शब्द आहेत. ‘ग्राउल’ म्हणजे गुरगुरणं. ‘येल्प’ म्हणजे शेपटीवर पाय पडल्यावरचं केकाटणं. ‘हाउल’ला बरेच जण ‘ओरडणं’ लिहितात, पण रात्री कुत्रं गळा काढतं तेव्हा आपण ‘कुत्रं रडतंय’ म्हणतो, तेच वापरा. माणसाबद्दल ‘ही बार्क्ड ॲट मी’ आलं, तर मात्र ‘माझ्यावर खेकसला’ लिहा. ‘भुंकला’ ही मराठीत शिवी होते. इंग्रजीत तेवढा अपमान नाही.

घोड्याचंही असंच. ‘नेइ’ म्हणजे मोठ्यानं खिंकाळणं आणि ‘व्हिनी’ त्याहून हलकं, पण ‘निकर’ हा वेगळाच, घशातल्या घशात काढलेला आवाज आहे. घोडी शिंगराला जवळ बोलावताना किंवा चंदी येताना दिसली की घोडा तो काढतो. तिथे ‘खिंकाळला’ लिहिलं की प्रसंगाचा हळुवारपणा जातो. ‘घोडी हलकेच फुरफुरली’ म्हणावं तर फुरफुरणं नाकातलं, त्यामुळे तेही नेमकं नाही. मी ‘घशातून हळूच साद घातली’ असं लिहीन. गाईचं ‘मू’ सोपं, हंबरणं. बैलाच्या ‘बेलो’ला डुरकणं.

मेंढीच्या ‘बा’ आणि ‘ब्लीट’वर जरा थांबायला हवं. ‘ब्लीट’ हा ध्वनीची नक्कल करणारा शब्द आहे असं कोश सांगतात, पण ऐकल्यावर ते पटत नाही, कारण मेंढी ‘ई’ कधी काढत नाही. जुन्या इंग्रजीत तो ‘ब्लॅटन’च्या जवळपास होता आणि त्यातला ‘ॲ’ लांब होता. म्हणजे तेव्हा त्यात मेंढी खरोखर ऐकू येत होती. साधारण 1400 ते 1700 या काळात इंग्रजीतले दीर्घ स्वर सरकले, त्यात या शब्दाचा स्वरही शेवटी ‘ई’वर गेला. मेंढ्या होत्या तशाच राहिल्या. क्रियापद व्याकरणाच्या गाड्याला जुंपलेलं असतं, त्यामुळे भाषेचे उच्चार बदलले की तेही बदलतं. ‘बा’सारखा उद्गार मात्र प्रत्येक पिढी मेंढीकडूनच नव्यानं शिकते. हा फरक मला फार मोलाचा वाटतो, कारण भाषांतरात तो जपता येतो. उद्गाराच्या जागी ‘बें बें’ ठेवा आणि क्रियापदाच्या जागी ‘बेंबाटणं’ घ्या.

बेडकाचं ‘रिबिट’ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका छोट्या झाडबेडकाचं आहे. हॉलिवूडच्या चित्रपटांत त्याचाच आवाज वापरला गेला आणि जगभर बेडूक ‘रिबिट’ म्हणू लागला. आपल्याकडे बेधडक ‘डराँव डराँव’ करा. घुबडाचं ‘टू-व्हिट टू-व्हू’ शेक्सपिअरच्या नाटकातही आहे, पण इंग्लंडच्या रानात तो बहुधा जोडीचा संवाद असतो: मादीचं तीक्ष्ण ‘की-विक’ आणि त्यावर नराचा घूत्कार. गोष्टीत एकच घुबड असेल, तर नुसता घूत्कार पुरे.

दुसरा प्रतिसाद : यात इंग्रजांनी आपल्याकडे ऐकलेल्या पक्ष्यांची भर घालतो. पावशाचा चढत जाणारा आवाज त्यांना उन्हाळ्यात ‘ब्रेन फीव्हर, ब्रेन फीव्हर’ असा ऐकू आला आणि इंग्रजीत पक्ष्याचं नावच ‘ब्रेनफीव्हर बर्ड’ पडलं. आपला शेतकरी त्याच आवाजात ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ ऐकतो. हिंदीत तोच ‘पी कहाँ’ विचारतो. टिटवीच्या ओरडण्याला इंग्रजीत ‘डिड ही डू इट’ म्हणतात. मराठीत तिच्या नावातच तिचा आवाज आहे. असे शब्द भाषांतरात अर्थानं नेऊ नयेत. ‘मेंदूचा ताप’ लिहिलं, तर पक्षी उरतच नाही. गोष्ट इथली असेल तर ‘पेरते व्हा’ घ्या. गोष्टीतल्या इंग्रज पात्राला तापाची भीती वाटत असेल, तर ‘ब्रेन फीव्हर’ तसंच ठेवून पुढच्या वाक्यात अर्थ येऊ द्या.