लाईन जाऊन आली की काट्यावरच्या पीसीला डोमेन सापडत नाही

काटाघर_हिंगणघाट: राजेहो, मदत पाहिजे. जिनिंगमध्ये कॉम्प्युटरचं काम पाहतो. एकच विंडोज सर्व्हर, त्यावरच अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (डोमेनची, म्हणजे आपल्या पीसींच्या गटाची, लॉगिन-यादी) अन् डीएनएस (नावावरून आयपी पत्ता सांगणारं). पीसींना आयपी पत्ते राउटर वाटून देतो. पहिला डीएनएस सर्व्हरचा, १९२.१६८.१.१०, दुसरा गूगलचा, ८.८.८.८. एरवी चालते. पण लाईन जाऊन आली की काट्यावरचा पीसी म्हणते डोमेन कंट्रोलर, म्हणजे तोच सर्व्हर, सापडत नाही. इंटरनेट मात्र सुरू! काटापट्टी निघत नाही अन् कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर लागतात.

नेटकरी_वणी: पीसीच्या होस्ट्स फाइलमध्ये (नाव-आयपीची हातानं लिहायची यादी) सर्व्हरचं नाव अन् आयपी टाकून द्या, मोकळे व्हा.

सर्व्हरवाला_आर्वी: होस्ट्सनं भागणार नाही भाऊ. पीसी डोमेन कंट्रोलर शोधतो डीएनएसमधल्या एसआरव्ही रेकॉर्डवरून (कोणती सेवा कोणत्या सर्व्हरवर, ही नोंद), अन् होस्ट्समध्ये ते लिहिताच येत नाही.

आधी ते ८.८.८.८ काढा. लाईन आली की राउटर लवकर उठतो, सर्व्हरला वेळ लागतो. तेवढ्यात पीसी पहिल्या डीएनएसला विचारतो, उत्तर येत नाही, म्हणून दुसऱ्याकडे जातो. त्याला तुमचं आतलं डोमेन काय माहीत? तो म्हणतो, असं नावच नाही. विंडोज तेच खरं धरते, अन् सर्व्हर उठल्यावरही काही वेळ दुसऱ्यालाच विचारत राहते. दुसरा डीएनएस हा पहिल्याचा मदतनीस आहे असं बरेच जण समजतात, पण तसं नसते. डोमेनच्या पीसीवर बाहेरचा डीएनएस नकोच, दुसऱ्या नंबरवरही नको.

८.८.८.८ ची जागा सर्व्हरच्या डीएनएस मॅनेजरमध्ये, फॉरवर्डर्सच्या टॅबवर; बाहेरची नावं सर्व्हरच तिथून विचारून घेईल. सर्व्हरच्या नेटवर्क कार्डलाही डीएनएस म्हणून त्याचाच आयपी द्या. मग पीसीवर आयपीकॉन्फिग स्लॅश रिन्यू अन् स्लॅश फ्लशडीएनएस या कमांड चालवा. एक मात्र मालकांना आधीच सांगून ठेवा: सर्व्हर बंद तर सगळ्यांचं नेटही बंद. म्हणून सर्व्हर, राउटर अन् स्विच यूपीएसवर घ्या, अन् जमेल तेव्हा दुसरा डोमेन कंट्रोलर उभा करा. मग पीसींना दुसरा डीएनएस म्हणून त्याचाच आयपी द्या.

काटाघर_हिंगणघाट: राउटरमध्ये दुसरा रकाना रिकामा सोडला की तो स्वतःचाच आयपी टाकते.

सर्व्हरवाला_आर्वी: मग राउटरचं डीएचसीपी (आयपी वाटून द्यायचं काम) बंद करा, सर्व्हरवर डीएचसीपी रोल टाका. तो डोमेनमध्ये ऑथराइझ करायला (परवानगी द्यायला) विसरू नका, नाहीतर तो आयपी देणारच नाही. अन् आयपीकॉन्फिग स्लॅश ऑलमध्ये आयपीव्ही६ चा डीएनएस दिसतो का पाहा. राउटर तो वेगळा देत असेल तर तोही बंद करा. गाड्या यायच्या आधी, सकाळीच करून घ्या.